काडी

जर्मनीतल्या मेळ्यात संध्याकाळ होती,
परभणीत साडेअकरा वाजून गेलेले.
जिन्याखालच्या दुकानात सहा पोरं, एक मोबाईल,
तोही पाण्याच्या बाटलीला टेकवलेला.
शटर अर्धं खाली,
म्हणजे गस्तीवाल्याला दुकान बंद वाटावं.
अर्सलान म्हणाला, जगात जर्मनी...
पुढचं कुणी म्हटलं नाही. इथं ते सगळ्यांना पाठ असतं.

मंचावर एक बाई आली, पांढरे बूट.
काठोकाठ वाटी धरावी तसा
नवा कंट्रोलर दोन्ही हातांत.
मागच्या पडद्यावर तो उघडत गेला,
सुटे भाग हवेत तरंगायला लागले.
मी स्क्रू मोजले. सहा.
माझ्याकडं येतात त्यांच्यात तीन उरलेले असतात,
चौथ्याच्या जागी टाचणी.

मग ती म्हणाली, स्टिकच्या खाली आता चुंबक आहे.
काही घासत नाही, काही झिजत नाही,
स्टिक यापुढं कधीच सरकणार नाही.
टाळ्या. पोरांनीही वाजवल्या.
मीपण. हात आपोआप गेले,
कशाला वाजवल्या ते नंतर कळलं.

स्टिक म्हणतात तिला, आम्ही काडी.
मी काडीवर जगतो.
तिच्याखाली कार्बनची नखाएवढी पट्टी असते,
अंगठा वर्षभर तिला राबवतो,
आणि एक दिवस कुणी हात लावलेला नसताना
पडद्यावरचा माणूस आपणहून चालायला लागतो,
डावीकडं, भिंतीकडं,
भिंतीला नाक लावून चालतच राहतो.
तेव्हा पोरं माझ्याकडं येतात.
दीडशे रुपये. जुन्या ओळखीला एकशेवीस.
गाळ्याचं भाडं, आईचा चष्मा, गाडीचे हप्ते
सगळं त्या झिजेतून निघालंय.

"मामा, मग तुमचं कसं?" सुगतनं विचारलं.
मी म्हणालो, ते इथं यायला दोन वर्षं जातील.
शिवाय चार्जिंगचं तोंड आहे, स्प्रिंग आहे,
शिवाय आपली धूळ आहे,
तिला चुंबकाचं काय भेव?
पोरं हसली. तेवढ्यात लाईट गेली.
अंधारात बाई आणखी ठळक झाली.
तिनं किंमत सांगितली, युरोत.
कुणीच गुणाकार केला नाही.

चार दिवसांनी काल्यांचा ऋषभ आला.
सोमवारीच त्याची काडी बदलून दिली होती.
कंट्रोलर टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला.
"मामा, तुम्ही बिघडवला."
मी लावून पाहिला.
हात काढला की माणूस जागच्या जागी,
बांधावरच्या दगडासारखा.
"बरोबर तर हाय की."
"नाई. मी पळायलो की उजवीकडंच पडायलो.
दरीत. दर वेळी."

दोन वर्षं काडी त्याला डावीकडं ओढायची,
दोन वर्षं हा तिला उजवीकडं रेटायचा,
थोडंसंच, नकळत.
आता ओढणारं कुणी नव्हतं
आणि अंगठा रेटतच होता.

"आठ दिवसांत सवय होती," मी म्हणालो.
"मॅच उद्या हाय."

जुनी काडी डब्यात होती, मेलेल्या काड्यांत.
लगेच ओळखू आली,
डोक्याचं रबर एका अंगानं खाल्लेलं.
चौदा टाके सोडवले, चौदा टाके घातले,
धूर पंख्यानं त्याच्याच तोंडावर नेला,
तो मागं सरला नाही.

चालू केल्यावर माणूस डावीकडं निघाला.
ऋषभनं अंगठा टेकवला,
आणि तो फळीवरून, दरीवरून, सरळ गेला.

"किती झाले?"
मी भिंतीवरच्या पाटीकडं पाहिलं.
बिघडवून द्यायचा दर तिच्यावर नव्हता.